अकराव्या पानावरचं घर

…आणि वर मलाच विचारतात, "मोकसाहेब, ते जपानचं घर तुम्ही मौजेसाठी घेतलंत की गुंतवणूक म्हणून?" हसत विचारतात हो! एकतीस वर्षं मी मालमत्तेची बातमीदारी केली, या हाँगकाँगात एक बिल्डर असा नाही ज्याने माझ्या नावाने बोटं मोडली नाहीत, खिडकीला बाल्कनी म्हणून विकणाऱ्यांना मी पहिल्या पानावर उघडं पाडलं, आणि आज कालपरवा नोकरीला लागलेली पोरं मला विचारतात, मौज की गुंतवणूक? तुम्हाला सांगतो, या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. पक्कं माहीत होतं. गुंतवणूक! आपल्याला तिथे राहायचंय थोडंच!

हे वाक्य माझं नाही, बरं का. हे आमच्या शहराचं वाक्य आहे. आमच्याकडे माणूस दोनशे ऐंशी चौरस फुटांत राहतो, जेवायचं टेबल मिटवल्याशिवाय पलंग उघडत नाही, आणि तोच माणूस परदेशात घरं घेत सुटतो. शनिवारी हॉटेलात प्रदर्शन, फुकटचा चहा, फुकटची छत्री, आणि रविवारी हा मालक! आमचा यिप, क्रीडा विभागातला, त्याने मँचेस्टरला गाडी लावायची जागा घेतली. गाडी नाही हो, जागा! यिपला गाडी चालवता येत नाही. मी विचारलं, "बघून तरी आलास का?" तर म्हणतो, "बघायचं काय त्यात? दोन पांढरे पट्टे आहेत. आपल्याला तिथे राहायचंय थोडंच!"

मी हसलो. खूप हसलो. आणि तीन महिन्यांनी मी स्वतः… जाऊ दे. सांगतो.

घर जपानात, क्यूशू बेटावर, बेप्पूच्या वरच्या अंगाला. लाकडी, तीन खोल्या, मागे छोटी बाग, आणि न्हाणीघरात गरम झऱ्याचं पाणी थेट नळाने. फोटो बघितला आणि मला किमतीत काहीतरी छापायचं राहिलंय असं वाटलं. एक शून्य गळालंय, नक्की! मी दलालाला विचारलं, तो म्हणाला, सगळं बरोबर आहे. मग मी, एकतीस वर्षांचा बातमीदार, ज्याने शेकडो वेळा लिहिलं की 'स्वस्त घर दिसलं की आधी कारण विचारा', त्या मी काय केलं? कारण विचारलंच नाही! बायकोला मात्र कारण सांगितलं. पुई-लिन म्हणाली, "इतकं स्वस्त कसं रे?" मी म्हणालो, "जपानची लोकसंख्या घटतेय." काय रुबाबात म्हणालो! अग्रलेखातलं वाक्य वाटावं असं.

आता जपान्यांची एक पद्धत आहे. घर घेताना त्यांचा परवानाधारक दलाल सगळा दस्तऐवज तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवतो. कायदाच आहे तसा! दिला कागद आणि मारली सही, असं नाही. प्रत्यक्ष भेटून, नाहीतर व्हिडिओवर, समोरासमोर, पानामागून पान. आणि आमच्या घरात व्हिडिओवर बोलायला जागा कुठे? पुई-लिन टेबलावर पालेभाजी निवडत होती. राहता राहिलं न्हाणीघर. मी कोट घातला, टाय लावला, कमोडचं झाकण लावलं आणि त्यावर बसलो. मागे प्लास्टिकचा पडदा, पडद्यावर बदकं. पलीकडे दलाल, त्याच्या शेजारी भाषांतर करणारी क्वोक नावाची मुलगी. दलालाने बदकांकडे बघितलं आणि वाकून नमस्कार केला. काय सभ्य लोक!

वाचायला लागला. पाण्याची वाहिनी कुठून जाते. डोंगर घसरला तर कुठे पळायचं. ज्वालामुखीची राख पडली तर झाडायची कुणी. दोन तास! पायांना मुंग्या आल्या माझ्या. आणि मग आलं अकरावं पान. दलालाचा आवाज एकदम खाली गेला. क्वोकचाही खाली गेला. "सर… इथे एक कळवण्याजोगी गोष्ट आहे."

"कळवा!"

"आधीचे मालक, एतो म्हणून, वय एक्याऐंशी, एकटेच असायचे. ते… घरातच गेले."

तेवढ्यात दारावर थाप. "किती वेळ बसणारेस? पोट बिघडलंय का?"

"नाही गं! आलोच!" इकडे मी हळू आवाजात, "मग? म्हातारी माणसं जातातच की."

"हो सर. पण ते सापडले एकोणीस दिवसांनी."

तुम्हाला सांगतो, त्या न्हाणीघरात मी टाय सैल केला. आमच्याकडे अशा घराला काय म्हणतात माहितीये ना? बाधलेलं घर! भाव पडतो, बँका तोंड फिरवतात, लिफ्टमध्ये तो मजला आला की लोक आकड्याकडे बघत नाहीत. याद्या फिरतात त्यांच्या! आणि या सगळ्याला मी स्वतः लेख लिहून भंपकपणा म्हटलेलं आहे. दोन भागांत. म्हणून मी छाती पुढे काढली आणि विचारलं, "कुठल्या खोलीत?"

"बागेकडच्या, सर. जिथून झऱ्याची वाफ दिसते. जमीन, भिंती, सगळं नवं केलंय. आपल्याला चालेल ना?"

दारावर पुन्हा थाप. "मी औषध आणू का?"

"चालेल!" मी दोघींनाही एकदमच म्हणालो. चालेल! न चालायला काय झालं? गुंतवणूक आहे! ऑस्ट्रेलियाचे पर्यटक येतील, आंघोळ करतील, पैसे देतील, जातील. आपल्याला तिथे राहायचंय थोडंच!

आणि औषध घेतलं मी. जुलाब थांबवायचं. जुलाब नसताना! सत्य लपवायचं म्हटलं की माणसाला काय काय गिळावं लागतं…

दोन वर्षं सुरळीत गेलं हो. पर्यटक आले, गेले. कुणाला काही दिसलं नाही, कुणाला काही ऐकू आलं नाही. मी निश्चिंत. आणि मग, नववर्षाच्या आधी, पुई-लिन मासळी साफ करता करता सहज म्हणाली, "यंदा बाबांना घेऊन आपल्या घरी जाऊया. बेप्पूला."

आपल्या घरी! बघा, एका शब्दात गुंतवणुकीचं घर झालं.

आता हे बाबा कोण, ते सांगायलाच हवं, नाहीतर माझी अवस्था तुम्हाला कळायची नाही. माझे सासरे, फूंगबाबा. वय चौऱ्याऐंशी. चाळीस वर्षं लाल मिनीबस चालवली, त्यामुळे बोलतात ते अजूनही शेवटच्या सीटला ऐकू जावं असं. आणि या माणसाच्या डोक्यात हाँगकाँगच्या आख्ख्या कौलून भागातल्या बाधलेल्या घरांची यादी! तुम्ही नुसतं इमारतीचं नाव घ्या. "ती? सतरावा मजला, ब. पुढे बोलू नकोस." आमच्या भाषेत 'चार' आणि 'मरण' यांचा उच्चार सारखा, म्हणून चौथ्या मजल्यावर पाय ठेवत नाहीत. घराबाहेर पडताना पंचांग बघतात, केस कापताना पंचांग बघतात, एकदा दाढ काढायला दिवस चांगला नाही म्हणून सहा दिवस गाल सुजवून बसले. या माणसाला मी त्या घरात झोपवायचं? एतोच्या खोलीत?

मी हरप्रकारे प्रयत्न केले. थंडी आहे म्हणालो. भूकंप म्हणालो. ऑस्ट्रेलियाचे लोक आधीच येणारेत म्हणालो. पुई-लिनने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू काहीतरी लपवतोयस. बातमी दाबल्यासारखा चेहरा झालाय तुझा." सासऱ्यांनी पंचांग बघितलं. मी मनात म्हटलं, निघू दे, काहीतरी वाईट योग निघू दे! ते म्हणाले, "प्रवासाला उत्तम दिवस."

गेलो. टॅक्सीतून उतरलो. आणि आमच्या लोकांची ती सवय तुम्हाला ठाऊक असेल, परक्या खोलीत शिरण्याआधी दार वाजवायचं, आत कुणी नसलं तरी. सासऱ्यांनी तीनदा दार वाजवलं, बाजूला सरकून उभे राहिले, आतल्या अदृश्य मंडळींना बाहेर पडायला वाट हवी ना! आणि रिकाम्या घराला खणखणीत आवाजात म्हणाले, "माफ करा हं! चार दिवस आलोय. त्रास देणार नाही!"

पुई-लिन हसली. मला हसू येईना. कारण ते कुणाशी बोलतायत हे आम्हा तिघांत फक्त मला माहीत होतं!

मग खोल्यांची वाटणी. सासरे सरळ चालत गेले, कुठे? बागेकडच्या खोलीत! "ही माझी. वाफ दिसते. गुडघ्यांना बरं."

"नको, बाबा! तिथे ओल आहे."

"कुठेय ओल?"

"ओल म्हणजे… वारा येतो."

"वारा म्हणजे ओल? कसला बातमीदार रे तू?"

झालं. सासरे तिथेच. सकाळी मी हळूच दार उघडलं तर माणूस ठणठणीत! म्हणाले, "वर्षानुवर्षांत अशी झोप लागली नाही." एक दिवस गेला, तीन राहिले. आणि भाषेची भिंत होती ना माझ्या बाजूला! सासऱ्यांना जपानीचा एक शब्द येत नाही, आजूबाजूच्या कुणाला कँटनीज येत नाही. सांगणार कोण? ऐकणार कोण? भक्कम बंदोबस्त!

तेवढ्यात कुंपणाच्या फटीतून शेजारीण आली. ओगाता आजी, एकोणऐंशीच्या. हातात चहाची वाटी आणि दोन संत्री. आमच्या बागेच्या कोपऱ्यात दगडावर त्यांनी ती ठेवली, हात जोडले, डोळे मिटले. सासरे ओट्यावरून बघत होते. मी खिडकीतून दोघांना बघत होतो. सासऱ्यांनी बोटाने विचारलं, हे काय? आजी जपानीत काहीतरी म्हणाल्या. सासऱ्यांनी मान हलवली, कळलं नाही. मी म्हटलं, शाब्बास! आणि आत अंडी उकडायला गेलो.

परत आलो तर… अहो, काय सांगू! दोघं ओट्यावर शेजारी शेजारी बसलेली, मध्ये सुपरमार्केटचं जाहिरातीचं पान उलटं घातलेलं, आणि आजीबाई पेन्सिलीने लिहितायत. आणि सासरे वाचतायत!

अक्षरं! चिनी अक्षरं! जपान्यांनी शेकडो वर्षांपूर्वी आमचीच अक्षरं नेली, आजही तीच लिहितात, बोललेलं कळत नसलं तरी लिहिलेलं निम्मं कळतं! एकतीस वर्षं मी या अक्षरांवर पोट भरलं, रोज दोन हजार अक्षरं टाकत होतो, आणि बंदोबस्त करताना मला अक्षरांचाच विसर पडावा? मी धावलो. "बाबा, चहा! बाबा, अंडी! बाबा, फोन आलाय तुमचा!"

"थांब रे. वाचतोय."

मी वाकून बघितलं. मोठ्या, स्वच्छ अक्षरांत, शाळेतल्या बाईंसारखं: आधीचा मालक. एकटा. ही खोली. आणि खाली आकडा. एकोणीस. आकड्यापुढे, दिवस.

सासऱ्यांनी कागदाची चार घडी केली, खिशात घातली. बोलले काही? शब्द नाही! आख्खा दिवस शब्द नाही. आंघोळ केली, गप्प. पंचांग उघडलं, मिटलं, गप्प. मिनीबसवाला माणूस, इंजिनाच्या वरताण बोलणारा, तो गप्प! तुम्हाला सांगतो, मी मंत्र्यांच्या पत्रकार परिषदांत बसलोय, न्यायालयात निकालाची वाट बघितलीय, पण त्या दुपारी मी सासऱ्यांच्या खिशाकडे जितक्या वेळा बघितलं… आणि पुई-लिन बिचारी आनंदात, वाफेवर रताळी शिजवतेय, म्हणतेय, "बाबा किती शांत झालेत ना इथे येऊन?"

जेवायला बसलो. सासऱ्यांनी मासा उलटला नाही, मिनीबसवाले मासा उलटत नाहीत, बस उलटते म्हणून; वरची बाजू संपवली, काटा सोडवून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "जावईबापू. हे घर इतकं स्वस्त कसं मिळालं?"

मी म्हणालो, "ते… जपानची लोकसंख्या घटतेय, बाबा."

"हं. एकाने घटली ते कळलं मला."

आणि कागद टेबलावर.

पुई-लिनने वाचला. एकदा वाचला. पुन्हा वाचला. मग माझ्याकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

आता मी काय करावं? मी म्हणालो, "तू विचारलंच नाहीस."

अहो, हे वाक्य! हेच वाक्य मला एका बिल्डरने सुनावलं होतं, गळक्या इमारतीबद्दल, 'गिऱ्हाइकाने विचारलंच नाही', आणि मी ते चार स्तंभांत मथळा करून छापलं होतं! पुई-लिनने ते कात्रण चौकट करून भिंतीला लावलंय. ती म्हणाली, "एकतीस वर्षं तू लोकांना चोर म्हणत आलास. आणि त्या न्हाणीघरात तू… तुझं पोट बिघडलं नव्हतंच! मी पावसात जाऊन औषध आणलं रे!"

"गुंतवणूक होती गं! आपल्याला तिथे राहायचं…"

"आपण तिथेच बसून जेवतोय!"

मी सासऱ्यांकडे वळलो. म्हटलं, आता हा माणूस उठणार, बॅग भरणार, आणि हाँगकाँगला जाऊन हे घर आपल्या यादीत घालणार. म्हणालो, "बाबा, चूक झाली. आत्ता हॉटेल बघतो. त्या खोलीत तुम्ही आज झोपायचं नाही."

"भुताचं राहू दे," ते म्हणाले. पहिल्यांदाच हळू आवाजात. "त्याने काल मला छान झोपू दिलं. मी दार वाजवून आलो होतो. तुझे ते ऑस्ट्रेलियावाले दोन वर्षं न वाजवता आले, आणि तू घर घेतलंस तेव्हा त्याला एक उदबत्तीसुद्धा लावली नाहीस. ते त्याने पोटात घातलं. पण एकोणीस दिवस." आणि बोटं मोजायला लागले. "मी तिकडे बाराव्या मजल्यावर एकटा. तुम्ही रविवारी फोन करता. सोमवारी गेलो, तर सहा दिवस. एखाद्या रविवारी याची मोठी बातमी असली, तर तेरा."

पुई-लिनने जेवणाच्या काड्या वाटीवर आडव्या ठेवल्या.

"ही बाई," सासरे म्हणाले, "तिनेच लिहून सांगितलं, रोज सात वाजता याच्या खिडकीकडे बघायची. उघडली, की झाडायला लागायची. तेवढंच. नातीच्या बाळंतपणाला ओसाकाला गेली, तीन आठवडे, आणि नेमकं तेव्हाच… म्हणून चहा ठेवते. तिला वाटतं, आपली चूक झाली. चूक! सख्खी ना सोयरी, नुसती शेजारीण." मग माशाकडे बोट केलं. "खा. गार होतोय."

मी इथेच राहणार, म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं! नव्वद दिवस व्हिसा लागत नाही, नव्वद झाले की हाँगकाँगला येतात, गुडघ्याच्या डॉक्टरांना तोंड दाखवतात, पंचांगात दिवस बघतात आणि पुन्हा जातात. बागेकडच्या खोलीत एतोचा फोटो लावलाय, आजींनीच आणून दिला. सकाळी सातला खिडकी उघडते, पलीकडून झाडू वाजतो. पहिला चहा एतोला, दुसरा सासऱ्यांना, तिसरा आजींना. दिवसभर लिहून गप्पा! जाहिरातीची पानं संपली म्हणून मला इथून कोऱ्या वह्या पाठवायला लावल्या. पर्यटक बंद, परतावा बंद. माझा तिथला व्यवस्थापक फोनवर रडकुंडीला आला, "साहेब, चेरीच्या बहराचा हंगाम आहे, निदान एप्रिल तरी सोडा!" मी सासऱ्यांना म्हणालो, "बाबा, एप्रिलपुरतं…" तर म्हणाले, "एतोला विचारतो." दुसऱ्या दिवशी उत्तर. "नाही म्हणतोय."

पुई-लिन? ती माझ्याशी सव्वा महिन्याने बोलायला लागली. आता रोज बाबांना फोन करते, दर दोन महिन्यांनी जाते, येताना गाल लाल आणि जाम खूश. बागेत मुळे लावलेत म्हणे.

म्हणून मीही ठरवलं, या डिसेंबरात आपणही जावं! घर कुणाचं? माझं! कागदावर नाव कुणाचं? माझं! कळवलं, दहा दिवस येतोय. सासऱ्यांचा निरोप आला. "ये. पण कडेच्या खोलीत पुई-लिनची आत्या येणारे, मधल्या खोलीत ओगाताबाईंची नात आणि बाळ. मी आत्याच्या खोलीत पथारी टाकीन. तुला बागेकडची. तुझा तर या गोष्टींवर विश्वासच नाही ना? दोन भागांत लिहिलंयस."

लिहिलंय हो. लिहिलंय! लिहिणं वेगळं आणि त्या चटईवर एकट्याने पाठ टेकणं वेगळं… समोर फोटो, बाहेर वाफ…

हॉटेल घेतलंय मी. माझ्याच घरापासून दोन गल्ल्या खाली, माझ्याच घरचं छप्पर तिथून दिसतं. फोन केला, खोली आहे म्हणाले, भाडं ठीक, नाश्ता ठीक. मी म्हटलं, एक शेवटचं विचारतो, राग मानू नका. त्या खोलीत कधी… कुणी… गेलंबिलं आहे का? या वेळी विचारलं हो! स्पष्ट विचारलं! फोनवर पानं चाळल्याचा आवाज. मग पलीकडचा माणूस अगदी अदबीने म्हणाला, "साहेब, आमचं हॉटेल एकशे दहा वर्षं जुनं आहे."

काय करणार? दहा दिवसांचं आगाऊ भरून टाकलं.